वारा नसलेली थंडी: 'टू बिल्ड अ फायर'ची श्रुतिका कशी बसवावी

जॅक लंडनची 'टू बिल्ड अ फायर' म्हणजे कॅनडातल्या युकॉन प्रदेशातल्या जीवघेण्या थंडीत कुत्र्याला घेऊन पायी निघालेल्या एका माणसाची कथा. तिची श्रुतिका करायला घेतली की बहुतेक मंडळी सगळ्यात आधी घोंघावणाऱ्या वाऱ्याचा आवाज शोधायला लागतात. बर्फ आला की वादळ आलंच, असं सिनेमांनी आपल्या कानांना शिकवलंय. पण कथा नीट वाचून बघा, तिच्यात वारा नाही. कित्येक आठवडे वारा पडलेला आहे. म्हणूनच झाडांच्या फांद्यांवर बर्फ साचून राहिलाय आणि तोच बर्फ पुढे त्या माणसाच्या शेकोटीवर कोसळतो. वारा वाहत असता तर फांद्या केव्हाच झडून मोकळ्या झाल्या असत्या. तेव्हा पहिल्याच मिनिटाला 'सूंऽऽ' करून वारा सोडलात, तर गोष्टीचा कणा तुम्हीच मोडलात.

दोन-तीन आवाज, एक माईक आणि एक संगणक एवढ्यावर ही श्रुतिका कशी उभी करायची, ते इथे क्रमाने मांडतो. यातलं बरंचसं निर्जन प्रदेशात जीव वाचवण्याच्या कुठल्याही कथेला लागू पडेल, पण उदाहरणं याच कथेची घेतो. हवेत बोलण्यापेक्षा ते बरं.

आधी आवृत्ती पक्की करा

या नावाच्या लंडनच्या कथा दोन आहेत आणि मजकूर शोधताना घोळ होतो. पहिली १९०२ साली 'द यूथ्स कम्पॅनियन' या किशोरांच्या नियतकालिकात आली. तिच्यातल्या माणसाचं नाव टॉम व्हिन्सेंट. तो थंडीने जायबंदी होतो पण वाचतो, आणि एकट्याने प्रवास करू नये हा धडा घेऊन परततो. दुसरी ऑगस्ट १९०८ मध्ये 'द सेंच्युरी मॅगझिन'ने छापली. तिच्यात माणसाला नाव नाही, सोबतीला कुत्रा आहे आणि माणूस मरतो. जगभर गाजलेली कथा ही दुसरी. शाळकरी मुलांकडून वाचून घ्यायची असेल तर पहिली आटोपशीर आहे. कानासाठी काही मोठं करायचं असेल तर मात्र दुसरीच घ्या, कारण तिच्यातला कुत्रा हे ध्वनीच्या दृष्टीने अर्धं नाटक आहे.

लंडन १८९७ मध्ये सोन्याच्या मागे युकॉनला गेला, तिथला हिवाळा त्याने काढला आणि स्कर्व्ही (क जीवनसत्त्वाच्या अभावाने होणारा आजार) घेऊन परतला. कथेतल्या हेंडरसन क्रीक या ओढ्यावर त्याने स्वतः सोनं काढण्याचा दावाही नोंदवला होता. त्यामुळे कथेतले तपशील ऐकीव नाहीत. ते बदलण्याआधी दोनदा विचार करा.

हक्कांचं सोपं आहे. लंडन १९१६ मध्ये वारला. लेखकाच्या मृत्यूनंतर ५० ते ७० वर्षांनी हक्क संपतात असं बहुतेक देशांत असतं, आणि या सगळ्या मुदती केव्हाच उलटल्या आहेत. इंग्रजी मजकूर 'प्रोजेक्ट गुटेनबर्ग' या संकेतस्थळावर आहे. स्वयंसेवकांनी वाचलेली मूळ कथा 'लिब्रिव्हॉक्स'वर फुकट ऐकता येते. खटका असतो तो अनुवादात. कुणाचा छापील मराठी अनुवाद वापरायचा असेल तर त्या अनुवादकाचा हक्क वेगळा असतो, परवानगी लागते. स्वतः अनुवाद करणं उत्तम. कानासाठी लिहायचं म्हणजे तसंही नव्याने लिहावंच लागतं.

वाचायची की बसवायची

तीन वाटा आहेत. नुसतं अभिवाचन, ध्वनींची जोड दिलेलं निवेदन, किंवा पात्रं बोलतात अशी पूर्ण श्रुतिका. माझं मत मधल्या वाटेच्या बाजूने आहे, आणि त्याला कारण आहे.

या कथेत संवाद जवळपास नाहीतच. माणूस एकटा आहे, कुत्र्याशी तो बोलतो ते हुकूम सोडण्यापुरतं. पूर्ण श्रुतिका करायला निघालेला लेखक मग एक हमखास युक्ती काढतो: माणसाला स्वतःशी बडबडायला लावतो. 'अरे बापरे, बोटं बधिर झाली की!' असं तो बोलला रे बोलला की कथा हातची गेली. लंडनने सुरुवातीलाच सांगितलंय की या माणसाची खोड म्हणजे त्याला कल्पनाशक्ती नाही. समोर दिसतं ते त्याला कळतं, त्याचा अर्थ कळत नाही. स्वतःशी बोलणारा माणूस आपोआप विचारी वाटायला लागतो.

दुसरी युक्ती म्हणजे 'मी'ची गोष्ट करणं. अमेरिकेतल्या सीबीएस रेडिओवर १९४७ ते १९५४ या काळात चाललेल्या 'एस्केप' मालिकेत संकटात सापडलेला माणूस बऱ्याचदा स्वतःच आपली हकिगत सांगायचा. त्या साच्याचा मोह होतो. पण इथे सांगणारा मरतो, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे निवेदकाला जे माहीत आहे ते त्या माणसाला माहीत नाही. सगळा ताण या अंतरात आहे. १९६९ मध्ये डेव्हिड कॉबम यांनी या कथेवर लघुपट केला, तेव्हा समोर चित्र असूनही ऑर्सन वेल्स यांचं निवेदन ठेवलं. ज्याच्याकडे चित्र आहे त्याला निवेदक सोडवला नाही, तर आपण का सोडावा?

तेव्हा आवाज तीन: निवेदक, माणूस, आणि सल्फर क्रीकचा म्हातारा. म्हाताऱ्याने आधीच बजावून ठेवलेलं असतं की अमुक थंडीच्या खाली क्लोंडाइकमध्ये, म्हणजे युकॉनमधल्या या सोन्याच्या मुलखात, कुणी एकट्याने फिरू नये. कथेत हे आठवणीतून येतं. तेवढा एक प्रसंग मात्र खुशाल प्रत्यक्ष ऐकवा: बंद खोली, चुलीची ऊब, म्हाताऱ्याचं वाक्य आणि माणसाचं हसणं. वीस-पंचवीस सेकंद पुरेत. पुढे म्हातारा आठवेल तेव्हा त्याचं वाक्य पुन्हा वाजवू नका, माणसाचं ते हसणं वाजवा.

संहिता लिहिताना

१९०८ ची कथा इंग्रजीत साधारण सात हजार शब्दांची आहे. मराठीत प्रत्यय शब्दाला चिकटत असल्याने शब्दसंख्या उतरते. संथ वाचलं तरी पाऊण तासात बसते. अर्ध्या तासाचं करायचं असेल तर कात्री सुरुवातीच्या भूगोलाला लावा, शेवटच्या एक-तृतीयांशाला हात लावू नका.

घड्याळ मात्र जपून ठेवा. सकाळी नऊला सूर्य नाही. दहाला माणूस हेंडरसन क्रीकच्या पात्रात उतरतो. दहा मैलांवरच्या फाट्यावर साडेबाराला पोचायचा त्याचा हिशोब आहे आणि बरोबर साडेबाराला तो पोचतो. संध्याकाळी सहाला तळावर, जिथे बाकीची मंडळी शेकोटी पेटवून बसलेली असतील. श्रोत्याला नकाशा दिसत नाही, त्याला हे आकडेच धरून चालावं लागतं. शिवाय हिशोब अचूक निघाल्यामुळे माणसाचा फाजील विश्वास वाढतो, तेही कानावर पडायला हवं.

तापमानाचं काय करायचं? मूळ आकडे फॅरनहाइटमध्ये आहेत: म्हाताऱ्याची मर्यादा उणे ५०, त्या दिवशीची थंडी उणे ७५. सेल्सियसमध्ये ते सुमारे उणे ४६ आणि उणे ५९ होतात. संहितेत 'उणे पंचेचाळीस' आणि 'उणे साठ' असे गोल आकडे घ्या आणि मग मुकाट्याने तेच वापरा. 'फॅरनहाइट म्हणजे' असं समजावणारं वाक्य श्रुतिकेत नको. थंडी आकड्यातून कळतच नाही, ती थुंकीतून कळते. माणूस थुंकतो आणि थुंकी जमिनीवर पडायच्या आधी हवेतच तडकते. उणे पंचेचाळीसला ती बर्फावर पडून तडकते हे त्याला माहीत असतं, म्हणजे आज त्याहून खाली आहे. पहिल्या तीन मिनिटांत हा आवाज आला पाहिजे.

मराठीची एक खास अडचण सांगतो. इंग्रजी भूतकाळ जसाच्या तसा उतरवला की प्रत्येक वाक्य 'होता', 'होती', 'होतं'वर आपटतं. कागदावर खपून जातं, कानाला मात्र ढोल वाजल्यासारखं होतं. वाक्यं मोडा. 'नऊ वाजले. सूर्याचा पत्ता नाही. ढगही नाही आभाळात.' अशी क्रियापदं गाळलेली वाक्यं या कथेला शोभतात. चालताना वर्तमानकाळ, निवेदकाने मागचं सांगताना भूतकाळ, अशी सरमिसळ केलीत तरी ऐकणाऱ्याला खटकत नाही. लिहिलेलं पान मोठ्याने वाचा. जिथे श्वास तुटतो तिथे वाक्य लांब आहे.

मूळ मजकुरात गवताच्या ढेपांना त्या काळचं एक वर्णद्वेषी नाव आहे. ते सरळ वगळा, 'गवताच्या ढेपांची सपाटी' म्हणून पुढे जा.

आवाजांची पेरणी

श्रुतिकेचा खरा कस इथे लागतो. जो आवाज महत्त्वाच्या क्षणी यायचा आहे, तो श्रोत्याला आधी एकदा ओळखीचा करून द्यावा लागतो, नाहीतर ऐन वेळी कळत नाही की काय वाजलं. या कथेत लंडनने ही पेरणी स्वतःच करून ठेवलीय, आपण फक्त ती उचलायची.

पहिला आवाज शेकोटीचा. साडेबाराला जेवायला थांबल्यावर माणूस मोठी शेकोटी करतो. ती भरपूर ऐकवा, जाड लाकडाच्या खालच्या सुरातल्या धगधगीसकट. पुढची शेकोटी तिच्या तुलनेत किती लहान, किती पातळ आहे हे मग कानालाच कळतं.

दुसरा, बर्फाखालच्या पातळ पापुद्र्याचा. डोंगरातल्या झऱ्यांचं पाणी गोठत नाही, ते बर्फाखाली डबकी करून दबा धरून असतं. वाटेत एकदा पाय टाकताच माणसाला खाली कचकच ऐकू येते आणि तो दचकून मागे सरतो. हा आवाज ठळक ठेवा. आता गंमत बघा: प्रत्यक्ष तो पाण्यात पडतो तिथे लंडनने अशी कुठलीच खूण ठेवलेली नाही. वर अखंड, मऊ बर्फ. म्हणजे तुमच्या श्रोत्याने सावधगिरीची खूण शिकायची आणि ती खूण न येताच पाय आत जायचा. त्याआधी खळखळ, कचकच, संगीत, काही म्हणजे काही देऊ नका.

तिसरा, माणसाचा हुकुमी आवाज. कुत्रा त्याचा गुलाम आहे, चाबकाच्या धाकाने चालणारा. सुरुवातीलाच संशयास्पद बर्फावरून तो कुत्र्याला पुढे ढकलतो, तेव्हा हा कोरडा, फटकारणारा आवाज ऐकवा. शेवटी कुत्र्याला मारून त्याच्या उबेत हात घालायचं माणसाच्या डोक्यात येतं, तेव्हा तो त्याला गोड बोलावून बघतो. त्या आवाजात भीती असते. कुत्र्याला असा आवाज माहीतच नाही, तो बिचकतो आणि येत नाही. मग माणूस उभा राहतो आणि चाबकाच्या सुरात ओरडतो, तेव्हा कुत्रा निमूट येतो. एकाच हाकेच्या या दोन तऱ्हा नटाला साधल्या की अख्खा प्रसंग निवेदनाच्या एका वाक्यावर उभा राहतो. तालमीचा निम्मा वेळ इथे घालवा.

चौथा आवाज काटकी खेचल्याचा 'चट्'. त्यावरच सगळा घात होतो. पाण्यात पाय भिजल्यावर माणूस झाडाखालीच शेकोटी करतो, कारण काटक्या खेचून सरळ जाळात टाकता येतात. प्रत्येक खेचीला झाड किंचित हलतं. संहितेत हा तुकडा मी असा लिहीन:

(शेकोटी. बारीक, वरच्या सुरातली तडतड. चट्. काटकी जाळात पडते. चट्. वरून नकळत भुरभुर.)
निवेदक: पेटली. सुटला तो. म्हाताऱ्याचं बोलणं आठवून त्याला हसू आलं.
(मोकॅसिनच्या, म्हणजे मऊ चामडी जोड्याच्या, गोठलेल्या नाड्यांवर बोटांची खरखर. जमत नाही. म्यानातून चाकू निघतो.)
(खूप उंचावर, एकदाच: धप्.)
(त्याच्या खाली: धप्, धप्. मग सगळं झाड. जड, मऊ, कोरडं. दोन सेकंद.)
(तडतड थांबलेली. श्वासही नाही. चार सेकंद.)
(माणूस श्वास घेतो.)

मूळ कथेत निवेदक आधी सांगतो की चूक त्याचीच होती, झाडाखाली शेकोटी करायला नको होती, आणि मग बर्फ पडतो. कानासाठी हा क्रम उलटा करा. आधी घडू द्या, श्वास परत आल्यावर सांगा. आणि 'शेकोटी विझली' हे वाक्य निवेदकाच्या तोंडी अजिबात नको. ते श्रोत्याने मनात म्हणायचं असतं.

वारा नाही, मग मागे काय वाजतं?

हा प्रश्न संकलनाच्या टेबलावर हमखास येतो. काहीच वाजत नसेल तर श्रोत्याला वाटतं की आवाज बंद पडला. उत्तर आहे अंगाचे आवाज. पावलांखाली करकरणारा बर्फ, जाड कपड्यांची घासाघास, नाकाने घेतलेला आखूड श्वास, दाढीवर गोठलेल्या बर्फाची हलकीशी किटकिट. माणूस चालतोय तोवर हे सगळं चालू. तो थांबला की सगळं थांबतं, आणि तेव्हा श्रोत्याला कळतं की आजूबाजूला काहीच नाही. ही युक्ती फुकटची आहे आणि वाऱ्याच्या शंभर नमुन्यांपेक्षा जास्त गारठवते.

थोडं विज्ञान हाताशी असू द्या. ताजा बर्फ आवाज शोषून घेतो, त्यामुळे अशा ठिकाणी घुमारा नसतो. थंडी वाढते तसा पावलांखालचा बर्फ जास्त चढ्या सुरात करकरतो. अतिथंडीत जमिनीलगतची हवा वरच्या हवेपेक्षा गार असते, आवाज वर निसटून जात नाही, खाली वाकतो आणि दूरवर पोचतो. याच युकॉनमध्ये स्नॅग इथे ३ फेब्रुवारी १९४७ ला उणे ६३ अंश सेल्सियस नोंदले गेले. कॅनडातला तो नीचांक. सोडलेला श्वास गोठताना त्याचा आवाज ऐकू येत होता, असं तिथल्या हवामान केंद्रावरच्या माणसांनी सांगितलं होतं. आपल्या कथेतली थंडी त्याच्या जवळपासची आहे. तेव्हा उच्छ्वासाच्या शेपटीला अगदी बारीक, कोरडी सळसळ जोडलीत तर ती अतिशयोक्ती ठरणार नाही. जपून वापरा, दोन-चार जागीच.

कुत्र्याची पावलं वेगळी ठेवा: हलकी, जलद, चारांच्या तालात. माणूस थांबला तरी कुत्रा एक-दोन पावलं पुढे जाऊन थांबतो, एवढ्याने तो जिवंत होतो.

आवाज बनवणं

पावलांसाठी कॉर्नफ्लोर. ध्वनी-परिणाम करणाऱ्यांचा हा जुना उपाय आहे. जाड कापडी किंवा चामडी पिशवीत पीठ घट्ट भरायचं, तोंड बांधायचं, आणि माईकसमोर तळव्याने एकेक दाब द्यायचा. टाच आणि चवडा असे दोन दाब दिले की पाऊल होतं. कुत्र्यासाठी लहान पिशवी आणि दोन बोटं.

विस्तवाची तडतड सेलोफेनचा कागद माईकजवळ हळूहळू चुरगाळून होते. खरी शेकोटी रेकॉर्ड करायला गेलात तर बहुधा नुसती फरफर हाती येते. मोठ्या शेकोटीसाठी त्याच्या खाली वाळक्या लाकडांचा आवाज मिसळा. बर्चची साल पेट घेते तो 'फस्स' मात्र खऱ्या काडीचाच घ्या.

झाडावरून कोसळणारा बर्फ करताना मोह होतो हिमकड्यासारखा गडगडाट देण्याचा. नको. तो फांद्यांवरचा भुसभुशीत बर्फ आहे. वेगवेगळ्या उंचीवरून जाड गादीवर पिठाच्या पिशव्या टाका, प्रत्येक पडणं वेगळं रेकॉर्ड करा, वरचे आवाज पातळ आणि खालचे जाड करून एकामागे एक लावा. खाली येताना दोन आवाजांमधलं अंतर कमी कमी होत जायला हवं.

आगकाड्यांचा प्रसंग कठीण आहे. बोटं मेलेली, म्हणून माणूस दोन्ही तळहातांच्या टाचांत काड्यांचा सगळा जुडगा धरतो आणि मांडीवर ओढतो. सत्तर काड्या एकदम पेटतात. एका काडीचा आवाज सत्तरदा थरावर थर चढवलात तर नुसता खरखराट होतो. तीन-चार काड्या एकत्र ओढून पाच-सहा वेगळे टेक घ्या आणि ते किंचित मागेपुढे सरकवून रचा. हे काम उघड्यावर, बाजूला पाण्याची बादली ठेवूनच करा. सत्तर काड्या खरोखर पेटवायचं धाडस कुणी करू नये. नंतर काड्या बर्फात पडून विझतात, त्याची 'चर्र' तापलेलं लोखंड ओल्या कापडावर टेकवून मिळते.

कुत्र्याचं विव्हळणं आणि केकाटणं माणसाकडून करून घेऊ नका, हसू येतं. 'फ्रीसाउंड'सारख्या संग्रहातून घ्या, पण प्रत्येक ध्वनीखालचा परवाना वाचा. सीसी म्हणजे 'क्रिएटिव्ह कॉमन्स' परवाना: सीसी-झिरो असेल तर चिंता नाही, सीसी-बायला श्रेय द्यावं लागतं, आणि एनसी लिहिलेलं असेल तर पैसे मिळणार असतील अशा ठिकाणी ते चालत नाही.

रेकॉर्डिंग

खोली जितकी मेलेली तितकी चांगली. उघड्यावरचा प्रसंग खोलीत रेकॉर्ड केला आणि भिंतींचा घुमारा आत आला की श्रोत्याला बर्फ दिसत नाही, खोली दिसते. हा घुमारा नंतर नीट काढता येत नाही. कपड्यांनी भरलेलं कपाट उघडून त्यासमोर बसा, मागे आणि दोन्ही बाजूंना जाड रजया टांगा. पंखा, फ्रिज बंद. माईक तोंडापासून वीतभर लांब, जरा तिरका, म्हणजे 'प' आणि 'फ'चे फटके बसत नाहीत. रेकॉर्डिंगची सेटिंग ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, आणि सर्वांत मोठा आवाज उणे ६ डेसिबलच्या आत राहील एवढीच पातळी. सत्राच्या शेवटी कुणी न हलता खोलीची शांतता मिनिटभर रेकॉर्ड करून ठेवा. ती पुढे सोन्यासारखी उपयोगी पडते.

क्रम असा: आधी निवेदन पूर्ण, मग माणसाचा आवाज आणि श्वास, शेवटी ध्वनी. निवेदकाला एकच सूचना: कणव नको. त्याला शेवट माहीत आहे, घाई नाही. गळा दाटून वाचणारा निवेदक या कथेला मारतो.

माणसाच्या आवाजाला एक प्रवास आहे. सुरुवातीलाच दाढीमिशीवर बर्फ गोठून तोंड जवळपास जखडलेलं असतं, म्हणून पहिल्या हुकमापासून आवाज कोंदलेला हवा. तोंडावर लोकरी मफलर गुंडाळून बोलायला लावा. पुढे ओठ हलेनासे होतात. तेव्हा नटाने प, फ, ब, भ, म यांवर ओठ मिटायचेच नाहीत. आधी 'म' ढिला होऊ द्या, मग 'ब', मग सगळेच. मरताना तो म्हाताऱ्याला उद्देशून 'तुझंच खरं होतं' अशा अर्थाचं काही पुटपुटतो. हे वाक्य लिहिताना ओष्ठ्य वर्ण कमी ठेवा, नाहीतर कळणार नाही. बर्फाचे खडे तोंडात धरून बोलायची गरज नाही, त्याने नुसती लाळ वाजते.

धापा टाकण्याचे श्वास वेगळे रेकॉर्ड करा आणि नटाला मध्ये बसू द्या, चक्कर येते.

संकलन आणि मिश्रण

'ऑडॅसिटी' हे ध्वनिसंकलनाचं सॉफ्टवेअर फुकट आहे आणि पुरेसं आहे. निवेदन, माणूस, माणसाची पावलं, कुत्रा, विस्तव आणि खोलीची शांतता, प्रत्येकाला स्वतंत्र ट्रॅक.

शांततेच्या जागी कधीही कोरा शून्य ठेवू नका. कानाला तो खड्डा लगेच कळतो. रेकॉर्ड केलेली खोलीची शांतता तिथे अंथरा. नॉइज गेट आणि आपोआप आवाज 'सुधारणारी' साधनं बंद ठेवा, कारण श्वास आणि पावलं त्यांना कचरा वाटतो आणि नेमकं तेच ती खातात. पातळी आपोआप समान करणारं साधन त्याहून घातक: शांत जागा आली की ते ती वर उचलतं.

शेवटाकडे माणूस घाबरून धावतो आणि त्याला पाय जमिनीला टेकल्याचं जाणवतच नाही. इथे एक छोटी करामत करा. धावण्याच्या पावलांतला खालचा, जड भाग इक्वलायझरने हळूहळू काढून टाका, श्वास मात्र तसाच राहू द्या. पावलं ऐकू येतात पण वजन नाही. निवेदकाला मग ती गोष्ट शब्दांत सांगायची गरज उरत नाही.

संगीत? माझ्या मते नाहीच. फार झालं तर श्रेयनामावलीखाली. मृत्यूच्या प्रसंगाखाली बासरी किंवा व्हायोलिन लावायची सवय आपल्याकडे खोल आहे, ती इथे मोडावी. कुत्रा वाट बघतो, वास घेतो, केकाटतो आणि तळाच्या दिशेने निघून जातो. मूळ कथा कुत्र्याबरोबर वळते, पण मी माईक माणसापाशी ठेवीन आणि कुत्र्याची पावलं लांब जाऊ देईन.

अंतिम फाइल स्टिरिओ असेल तर साधारण उणे १६ एलयूएफएस (कानाला जाणवणाऱ्या एकूण मोठेपणाचं माप), मोनो असेल तर उणे १९, आणि शिखर उणे १ डेसिबलच्या वर नको. शांत जागा जास्त आहेत म्हणून हा आकडा बिघडेल अशी भीती बाळगू नका. मोजणीच्या पद्धतीत फार हळू भाग आपोआप वगळले जातात.

बाहेर सोडण्याआधी

तीन जागी ऐका: चांगल्या हेडफोनवर, फोनच्या स्पीकरवर, आणि चालत्या गाडीत. फोनच्या स्पीकरवर जड आवाज ऐकूच येत नाहीत, त्यामुळे बर्फ कोसळण्याचा प्रसंग तिथे पचका करतो. तसं झालं तर आवाज मोठा करू नका, त्या 'धप्'मध्ये भुरभुरीचा वरचा थर थोडा वाढवा. गाडीत चार सेकंदांची शांतता कुणाच्या लक्षातच येणार नाही, आणि ते सोडून द्यावं.

कथा माहीत नसलेल्या एकाला पूर्ण ऐकवा आणि दोनच प्रश्न विचारा: शेकोटी का विझली, आणि कुत्रा पहिल्या हाकेला का आला नाही? पहिल्याचं उत्तर 'वाऱ्याने' असं आलं तर मागे कुठेतरी हवेचा सूंकार राहिलाय, ट्रॅक पुन्हा तपासा. दुसऱ्याचं आलं नाही तर दोन्ही हाका नटाकडून परत घ्या.

वर्णनात मूळ लेखक, कथा आणि १९०८ हे साल, अनुवाद कुणाचा, वापरलेल्या ध्वनींचं श्रेय, आणि मृत्यू व प्राण्यावरच्या हिंसेचा उल्लेख असल्याची एक ओळ असू द्या. चित्र म्हणून बर्फाच्या वादळाचा फोटो लावू नका.